वायूंचे पहारेकरी

मुंबईचा नकाशा पुढे घेऊन पाहिले, तर शीव व कुर्ला यांच्या पूर्वेस चेंबूर नावाचे उपनगर दिसते. त्याच्या आग्नेयेस तुर्भ्याची, म्हणजेच ट्रॉम्बेची टेकडी आहे. दक्षिणेस माहुल गाव व खाडी आहे. आणि पूर्वेच्या अंगाला देवनारची कचराभूमी पसरलेली आहे. एके काळी हे एक लहानसे खेडे होते. स्वातंत्र्यानंतरच्या थोड्याच वर्षांत त्याचे रूप पालटले. १९५४ व १९५५ या लागोपाठच्या दोन वर्षांत माहुलजवळ दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. १९५६ साली तेथे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, आणि १९६५ साली खतांच्या कारखान्यातून उत्पादन बाहेर पडू लागले. देशाला पेट्रोल हवे होते, रॉकेल हवे होते, वीज व युरिया हवा होता. ते सारे येथून मिळू लागले. परंतु त्याबरोबर धूर आला आणि नाना प्रकारचे वासही आले. 'चेंबूर' या नावावरच कोटी करून लोक या भागाला 'गॅस चेंबर' म्हणू लागले. विनोदच तो, पण करणाऱ्यांचे डोळे चुरचुरत होते, हे विसरता कामा नये.

या भागातील एका रात्रीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ६ जून २०२० हा शनिवार होता. कोविडच्या साथीमुळे माणसे घरांतच होती. रात्र झाल्यावर चेंबूर, घाटकोपर, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि पवई येथील रहिवाशांना कसल्यातरी वायूचा उग्र वास येऊ लागला. महिन्यापूर्वीच, ७ मे रोजी, विशाखापट्टणम येथील एका कारखान्यातून स्टायरीनची वाफ सुटून अनेकांचे प्राण गेले होते. ती बातमी सर्वांच्या मनात ताजी होती. साहजिकच लोक घाबरले. दूरध्वनी खणखणू लागले. महानगरपालिकेने अग्निशमन दलाची सतरा वाहने ठिकठिकाणी पाठविली, ध्वनिक्षेपकांवरून सूचना देण्याची तयारी ठेवली, आणि नागरिकांना खिडक्या बंद करून घरात राहण्यास सांगितले. नळाने येणाऱ्या गॅसच्या वाहिन्या तपासण्यात आल्या. कारखान्यांतूनही चौकशी झाली. तथापि हा वायू कोणता, तो किती आहे आणि कोठून आला, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या रात्री कोणालाही देता आली नाहीत. आदल्या वर्षी, १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीही मुंबईच्या उपनगरांत असाच प्रकार घडला होता.

लक्षावधी नाकांनी एकाच वेळी साक्ष दिली होती. ती खोटी नव्हती. पण ती अपुरी होती. याचे कारण आपल्या नाकाच्या स्वभावात आहे.

नाक हे मोठे तीक्ष्ण इंद्रिय आहे. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेच्या दहा लक्ष भागांत एका भागाहूनही कितीतरी कमी असला, तरी ते त्याला ओळखते. मात्र त्याच वायूचे प्रमाण दहा लक्ष भागांत शंभर भागांच्या आसपास गेले, की घ्राणशक्तीच बधिर होते. वास नाहीसा होतो आणि माणसाला वाटते, संकट टळले! वस्तुतः ते तेव्हाच जवळ आलेले असते. दुसरा वायू घ्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटत ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या थंडीच्या दिवसांत आपण वाचतो. तेथे मारणारा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, रुची नाही आणि वासही नाही. नाकाने तेथे काय करावे? शिवाय एखादा वास सतत येत राहिला, की नाक त्याला सरावते. आगगाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याला चेंबूरचा वास जाणवतो आणि तेथल्या यजमानाला जाणवत नाही, याचे मर्म हेच होय.

नाकाच्या या उणिवा आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हत्या असे नाही. आपल्याकडे धान्य व हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणीत. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे तर सर्वदूर प्रसिद्ध होती. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. तोंड बराच वेळ मोकळे ठेवावयाचे, मग दोरीला कंदील बांधून तो खाली सोडावयाचा. कंदील जळत राहिला तर माणसाने उतरावे. विझला तर थांबावे. हवेत प्राणवायू शेकडा सुमारे एकवीस भाग असतो. तो सोळा-सतरा भागांपर्यंत उतरला, की ज्योत विझते. माणूस मात्र आणखी काही वेळ शुद्धीवर राहू शकतो. म्हणजे कंदील माणसाच्या आधी बळी जाई आणि त्याला वाचवी. कंदिलाचा हा उपयोग करणाऱ्या शेतकऱ्याला 'संवेदक' हा शब्द माहीत नव्हता. पण वस्तू त्याच्या हाती होती.

इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत हेच काम पिवळ्या कॅनरी पक्ष्यांकडे असे. हा इवलासा पक्षी विषारी वायूने माणसाच्या आधी मान टाकी. विसाव्या शतकातही, थेट १९८६ सालापर्यंत, तेथील खाणींत या पक्ष्यांची नेमणूक चालू होती! खाणीतील दुसरा शत्रू म्हणजे पेट घेणारा मिथेन. त्याच्यासाठी हंफ्रे डेव्ही याने १८१५ साली तारेच्या जाळीत बंद केलेला दिवा तयार केला. आतली ज्योत जाळीबाहेरच्या वायूला पेटवू शकत नसे. पण मिथेन असला, की ज्योतीचा आकार बदले व तिच्याभोवती निळसर प्रभा दिसे. पेवातला उघडा कंदील मात्र जेथे पेट घेणारा वायू असेल तेथे चुकूनही नेऊ नये. एक साधन सर्वत्र चालत नाही, हा या विषयातील पहिला धडा आहे.

आता आजच्या संवेदकांकडे वळू. वायूच्या सान्निध्यात ज्याच्या एखाद्या गुणधर्मात मोजता येण्याजोगा फरक पडतो, असा पदार्थ शोधून काढावयाचा आणि तो फरक विजेच्या भाषेत वाचावयाचा, एवढेच या साऱ्या यंत्रांचे रहस्य आहे. परंतु हे 'एवढेच' साधण्यासाठी शास्त्रज्ञांनी योजिलेल्या युक्त्या मोठ्या मनोहर आहेत.

पहिली युक्ती जळण्याची. प्लॅटिनमच्या अत्यंत बारीक तारेची दोन वेटोळी घेतात व ज्वारीच्या दाण्याहून लहान अशा दोन मण्यांत ती बसवितात. एका मण्यावर उत्प्रेरकाचा लेप असतो, दुसऱ्यावर नसतो. दोन्ही मणी विजेने तापवून ठेवतात. भोवतालच्या हवेत पेट घेणारा वायू आला, की लेप असलेल्या मण्याच्या पृष्ठावर तो ज्वालेवाचून जळू लागतो. मणी अधिक तापतो, आतल्या तारेचा विद्युत्‌रोध वाढतो, आणि दोन मण्यांमधील समतोल ढळतो. तराजूचे एक पारडे किंचित खाली जावे आणि त्यावरून वजन कळावे, तसा हा प्रकार आहे. दुसऱ्या मण्याचे काम काय, असे कोणी विचारील. हवा ऊन असो वा गार, त्याचा परिणाम दोन्ही मण्यांवर सारखाच होतो. म्हणून फरक दिसला तर तो वायूमुळेच होय, अशी खात्री तो बिचारा न जळणारा मणी देतो.

दुसरी युक्ती जपानच्या नाओयोशी तागुची यांची. घराघरांत गॅस आला आणि त्याबरोबर स्फोटही होऊ लागले, तेव्हा स्वस्त व टिकाऊ सूचक तयार करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. १९६२ साली त्यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक सिद्ध केला. हा पदार्थ अर्धवाहक आहे. तो तापविला, की हवेतील प्राणवायूचे कण त्याच्या पृष्ठावर चिकटून बसतात व त्यातील इलेक्ट्रॉन धरून ठेवतात. त्यामुळे वीज जाण्यास अडथळा होतो. स्वयंपाकाचा गॅस तेथे पोहोचला, की तो या प्राणवायूशी संयोग पावतो. धरून ठेवलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वीज सुलभपणे वाहू लागते. आज स्वयंपाकघरात भिंतीवर लावलेली जी लहानशी पेटी गॅस गळताच कर्कश ओरडते, तिच्या पोटात बहुधा तागुचींच्या कल्पनेचाच वंशज असतो.

विषारी वायूंसाठी तिसरी युक्ती योजतात. ती म्हणजे एक चिमुकला विद्युत्‌घट. कार्बन मोनॉक्साइड त्यातील विद्युदग्रावर पोहोचला, की रासायनिक क्रिया होऊन वीज निर्माण होते. वायू जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. चौथी युक्ती प्रकाशाची आहे. मिथेनसारखे वायू ठरावीक अवरक्त किरण शोषून घेतात. म्हणून कारखान्याच्या कडेने एका टोकाला किरणांचा दिवा व दुसऱ्या टोकाला ग्राहक ठेवला, तर मधल्या शंभर मीटर अंतरात कोठेही वायूचा ढग आला, तरी किरण क्षीण होऊन बातमी कळते.

परंतु नुसत्या संवेदकाला तोंड नसते. त्याच्याशेजारी नखाएवढा सूक्ष्म संगणक बसवावा लागतो. हा संगणक क्षणोक्षणी विजेचे माप घेतो, त्याचे वायूच्या प्रमाणात रूपांतर करतो, ठरलेली मर्यादा ओलांडली का ते पाहतो, आणि ओलांडली असेल तर घंटा वाजवितो, झडप बंद करतो किंवा दूरच्या नियंत्रणकक्षाकडे बिनतारी संदेश पाठवितो. यंत्राच्या, नळाच्या, टाकीच्या पोटातच घडवून बसविलेल्या अशा जोडगोळीला 'अंतःस्थापित संवेदक' म्हणतात. तेलशुद्धीकरण कारखान्यात वायू ओळखणारे, दाब मोजणारे, उष्णता पाहणारे, टाकीतील तेलाची पातळी सांगणारे असे असंख्य पहारेकरी रात्रंदिवस जागे असतात.

त्यांच्या जागण्याचे मोल भोपाळने आपल्याला शिकविले. तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट या जहाल विषाची गळती ओळखण्याचे साधन बहुतांशी कामगारांचे डोळेच होते. डोळ्यांना पाणी येऊ लागले, की कोठेतरी गळते आहे असे समजावयाचे. १९८४ सालच्या २ व ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री हा वायू सुटला आणि झोपेतच हजारो माणसे मृत्युमुखी पडली. माणसाचे अवयव हे मोजमापाचे साधन म्हणून वापरणे किती महाग पडते, याचे याहून दारुण उदाहरण नाही.

कारखाना दूर राहू द्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात चला. सिलिंडरमधून येणारा गॅस व नळाने येणारा गॅस हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्यूटेन असतात. ते हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे गळाल्यास जमिनीलगत पसरतात व कोपऱ्यात साचतात. हवेत त्यांचे प्रमाण शेकडा दोन भागांच्या आसपास गेले, की एका ठिणगीने स्फोट होतो. नळाने येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. हा हवेहून हलका असल्याने छताकडे जातो. आणि तो पेट घेण्यास शेकडा पाच भाग तरी लागतात. म्हणून सिलिंडर वापरणाऱ्या घरात सूचक-पेटी जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावी आणि नळाचा गॅस असलेल्या घरात ती छताजवळ लावावी. एकाच चाळीत शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांना दोन वेगळे नियम! पेटी सुंदर दिसावी म्हणून ती डोळ्यांच्या उंचीवर लावणारे गृहस्थ दोन्हीकडून फसतात.

या दोन्ही वायूंना मूळचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला जो दर्प येतो, तो मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा असून ते मुद्दाम मिसळलेले असते. या मिसळण्यामागे एक दुःखद इतिहास आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेच्या जमिनीखाली वासरहित नैसर्गिक वायू गळून साचला. कोणालाही त्याचा पत्ता लागला नाही. शाळा सुटण्याच्या सुमारास ठिणगी पडली व सारी इमारत उडाली. सुमारे तीनशे मुले व शिक्षक त्यात गेले. त्यानंतर वायूला वास देण्याचे कायदे झाले. म्हणून घरात गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये; शेगडी व सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्या व बाहेर पडावे. दूरध्वनी करावयाचा तो बाहेर जाऊनच.

आणखी एक जागा आहे, जिच्याकडे आपण सहसा पाहत नाही. ती म्हणजे रस्त्यावरच्या गटाराचे लोखंडी झाकण. मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन निर्माण होतात, प्राणवायू कमी होतो, आणि आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो व तोही कोसळतो. माणसाला अशा ठिकाणी संरक्षक साधनांवाचून उतरविण्यास २०१३ सालच्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबीयांना द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. प्राणवायू, पेट घेणारे वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड या चारही गोष्टी एकदम मोजणारे यंत्र आज खिशात मावते. दोरीला बांधून ते आधी खाली सोडावयाचे. अगदी पेवातल्या कंदिलासारखे. इतके सोपे साधन उपलब्ध असता माणसे मरतात, तेव्हा उणीव शास्त्राची नसते.

एखाद्या क्षणी होणारा घात ओळखणे हे या पहारेकऱ्यांचे एक काम झाले. दुसरे काम संथ आहे, पण त्याची व्याप्ती मोठी आहे. ते म्हणजे रोज श्वासावाटे आत जाणाऱ्या हवेची नोंद ठेवणे. २०१५ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' या योजनेखाली मुंबई परिसरात दहा ठिकाणी हवामापन केंद्रे उभारली. चेंबूर हे त्यांपैकी एक. अशा केंद्रांत हवा आत ओढून तिच्यातील धूलिकण, गंधकाचे व नायट्रोजनचे ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन इत्यादींचे प्रमाण मोजतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण सर्वांत घातक मानतात, कारण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. एका घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने त्यांचे वजन साठ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे आपल्या देशाचे मानक आहे.

ही नोंद समजून घ्यावयाची तर वारा समजून घ्यावा लागतो. मुंबईत दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, रात्री बहुधा उलट. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते व वर उबदार हवेचे झाकण पडते; मग धूर वर जाऊ शकत नाही आणि खालच्या खाली कोंडतो. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा याचा प्रत्यय आला. तेथे १९२७ सालापासून शहराचा कचरा पडत आला आहे. ओला कचरा दडपून कुजला, की त्यातून मिथेन निघतो. डोंगराच्या पोटात जणू गॅसचा साठाच तयार होतो. ती आग कित्येक दिवस धुमसत राहिली. धुराचा लोट उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला. परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ढिगाच्या पोटात नळ्या घालून तेथील उष्णता व वायू मोजीत राहिले, तर अशा आगीची चाहूल धूर दिसण्यापूर्वीच लागू शकते.

माहुलची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथील रहिवासी वासाबद्दल व श्वासाच्या त्रासाबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी करीत होते. वास येतो, असे म्हणणाऱ्याला 'भास होत असेल' असे उत्तर देणे सोपे असते. पुढे के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी लोकांची तपासणी केली, हवेचे नमुने घेतले गेले, आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. तेलाच्या व रसायनांच्या टाक्यांतून व त्यांच्या चढउतारातून हवेत मिसळणाऱ्या बाष्पांचा प्रश्न तेथे चर्चिला गेला. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला प्रदूषित हवेमुळे धोका असल्याचे मान्य केले. पुढे याच माहुलमध्ये शहरातील विस्थापित कुटुंबांना घरे देण्यात आली. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, तेथे जाऊ न इच्छिणाऱ्यांवर सक्ती न करता त्यांना भाडे द्यावे, असा आदेश दिला. नाकाची साक्ष न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचली ती आकड्यांचा हात धरून.

मग यंत्र बोलेल तेच प्रमाण मानावे काय? नाही. यंत्रेही थकतात. विद्युत्‌घटाचे आयुष्य दोनतीन वर्षांचे. उत्प्रेरकाच्या मण्याला सिलिकोनची वाफ लागली, की तो निकामी होतो आणि तसे सांगतही नाही. स्वस्त धूलिमापक प्रकाश किती विखुरला त्यावरून कण मोजतो; पावसाळ्यात मुंबईची दमट हवा कणांना फुगविते आणि त्या यंत्राला पाणीही धूळच वाटते. म्हणून ठरावीक काळाने, प्रमाण माहीत असलेला वायू संवेदकापुढे सोडून त्याचे उत्तर तपासावे लागते. यालाच अंशांकन म्हणतात. सोनार जसा आपला काटा प्रमाणित वजनांनी पडताळून पाहतो, तसेच हे. पडताळा न झालेला संवेदक हा झोपलेल्या पहारेकऱ्यापेक्षाही वाईट. कारण झोपलेला निदान 'सर्व ठीक आहे' असे ओरडत तरी नाही. इंग्लंडातील बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे नेमके हेच घडले. पेट्रोलच्या टाकीतील पातळीदर्शक एकाच जागी अडकला. टाकी भरत राहिली, आकडा हलेना. अधिक भरल्यास पुरवठा तोडणारा दुसरा स्विचही कामाचा नव्हता. टाकी उतू गेली, वाफेचा ढग पसरला व प्रचंड स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून कोणी दगावले नाही, इतकेच.

आकडा बरोबर असूनही तो सत्य झाकू शकतो, हे त्याहून सूक्ष्म आहे. वृत्तपत्रांत आपण 'हवेचा निर्देशांक' वाचतो. शून्य ते पन्नास असल्यास हवा चांगली, चारशेच्या वर गेल्यास अतिगंभीर, असे त्याचे सहा टप्पे आहेत. हा निर्देशांक आठ प्रदूषकांवरून काढतात, आणि त्यांपैकी बहुतेकांची सरासरी चोवीस तासांची असते. आता समजा, रात्री अकरा वाजता तासभर असह्य वास आला. उरलेल्या तेवीस तासांच्या हवेत तो तास विरघळून जातो. आणि त्या आठांच्या यादीत हायड्रोजन सल्फाइड नाही. रसायनांच्या टाक्यांवर तरंगणारी टोल्युइनसारखी बाष्पेही नाहीत. तेव्हा फलकावर 'समाधानकारक' असे झळकत असताना खिडकीशी उभ्या असलेल्या आजीबाई नाकाला पदर लावतात, यात फलकही खोटा नसतो आणि आजीबाईही खोट्या नसतात. दोघांना विचारलेले प्रश्नच निराळे असतात.

म्हणून ६ जूनच्या त्या रात्रीसारखा प्रसंग पुन्हा आला, तर केवळ 'वास आला' एवढे कळवून भागत नाही. तुमच्या वहीत पाच रकाने आखा. पहिल्यात वास सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, घड्याळात पाहून. दुसऱ्यात ठिकाण व मजला. तिसऱ्यात तो कशासारखा होता ते, म्हणजे सडक्या अंड्यासारखा, रॉकेलसारखा, नवसागरासारखा, की जळक्या कचऱ्यासारखा. चौथ्यात वाऱ्याची दिशा. पाचव्यात डोळे, घसा, डोके यांना काय झाले ते. वारा कळण्यासाठी वाळत घातलेल्या कपड्यांची फडफड पुरेशी आहे; मात्र गॅसचा संशय असता उदबत्ती वा काडी पेटवून धूर पाहण्याचा मोह टाळावा. चेंबूर, घाटकोपर व विक्रोळी येथील पन्नास वह्यांतील नोंदी एका नकाशावर मांडल्या, की वास प्रथम कोठे आला आणि कोणत्या वाटेने पुढे सरकला, हे दिसू लागते. आणि मग मापनकेंद्राच्या नोंदींत सरासरी बाजूला ठेवून नेमकी तीच पंधरा मिनिटे उघडून पाहता येतात.

स्वाध्याय

१. ६ जून २०२० च्या रात्री कोणत्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत? त्यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देण्यास कोणता संवेदक उपयोगी पडला असता, ते सकारण लिहा.

२. पेवात सोडलेला कंदील, खाणीतील कॅनरी पक्षी व डेव्हीचा दिवा यांच्यात साम्य काय व भेद काय?

३. 'दोघांना विचारलेले प्रश्नच निराळे असतात' या वाक्याचा संदर्भ देऊन स्पष्टीकरण करा.

४. तुमच्या घरी सिलिंडरचा गॅस आहे की नळाचा? त्यानुसार सूचक-पेटी कोठे लावाल, ते आकृती काढून दाखवा.

५. वाक्यांत उपयोग करा : मर्म असणे, मान टाकणे, ध्यास घेणे, प्रत्यय येणे, चाहूल लागणे.